बिजागरीच्या बाजूला

रात्री तीनच्या सुमारास शेवंती उठते. नखांचा टकटक आवाज फरशीवरून दाराकडे जातो आणि थांबतो. दिवा लावून पाहावं तर ती दारापाशी उभी असते, पण बिजागरीच्या बाजूला. दार उघडतं ती बाजू हातभर पलीकडे. ही मात्र नाक फटीला लावून, शेपटी खाली सोडून, दार इथूनच उघडणार अशा भरवशाने उभी. बारा वर्षं दिवसातून तीनदा ती याच दारातून बाहेर पडली आहे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आई म्हणाली, "म्हातारी झाली गं ती आता." बोलणं मायेचंच होतं. पण गेल्या तीन वर्षांत मला या वाक्याची भीती वाटायला लागली आहे. कुत्रं जिना चढेना, म्हातारं झालं. घरात शू केली, म्हातारं झालं. हाकेला येईना, जेवेना, पाणीच फार पितं, म्हातारं झालं. एकदा असं म्हटलं की आपलं बघणं थांबतं. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी वयाच्या नसतात, दुखण्याच्या असतात. दुखण्याला औषध असतं.

शेवंती आमच्याकडे आली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पुण्यात मंडईच्या मागे न खपलेल्या फुलांचा ढीग पडला होता, त्यात ती अंगाचं मुटकुळं करून बसली होती. रंग फुलांचाच, त्यामुळे आधी दिसलीच नाही. मागचा उजवा पाय कुठल्याशा गाडीखाली सापडून सुजलेला. डाव्या कानाला खाच. भटक्या कुत्र्यांची नसबंदी झाली की ओळख म्हणून कानाला अशी खाच पाडतात. म्हणजे कुणीतरी कधीतरी तिला उचलून नेलं होतं, शस्त्रक्रिया केली होती आणि पुन्हा तिच्या जागेवर आणून सोडलं होतं. डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले आणि कागदावर लिहिलं, 'वय अंदाजे २ वर्षे'.

हा 'अंदाजे' रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला जन्मभर चिकटतो. पिल्लाचं वय दातांवरून बरंच नेमकं सांगता येतं. दुधाचे २८ दात पडून सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. त्यानंतर मात्र झीज, दातांवरचं किटण आणि हिरड्या बघून अदमास करायचा. लहानपणापासून हाडं आणि दगड चावलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तो अदमासही हुकतो. शेवंती आज चौदा वर्षांची असेल, कदाचित तेरा, कदाचित पंधरा. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा आपला घरोघरचा हिशेब तर मुळातच चुकीचा आहे. २०२० साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या संशोधकांनी लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयाप्रमाणे उमटत जाणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्यांच्या सूत्राप्रमाणे वर्षाचं कुत्रं माणसाच्या तिशीत असतं, चार वर्षांचं पन्नाशी ओलांडून गेलेलं असतं आणि मग वेग मंदावतो. दहाव्या वर्षी अडुसष्ट, चौदाव्या वर्षी त्र्याहत्तर. सगळ्या जातींना हे सूत्र जसंच्या तसं लागू होणार नाही, पण त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुत्र्याची उतरण आपण समजतो त्यापेक्षा लांबलचक असते. ती काही शेवटच्या दोन-चार महिन्यांची गोष्ट नव्हे. त्या सगळ्या काळात त्याला बरं वाटत राहील की नाही, हे पुष्कळसं आपल्या लक्ष देण्यावर आहे.

शेवंतीचे आधी सांधे गेले. ते आम्हाला कळायला वर्ष लागलं, याची बोच आजही आहे. ती दिवाणावर चढेनाशी झाली, तेव्हा आम्हाला वाटलं, शहाणी झाली. दुपारी गच्चीवर यायची ती खालच्या पायरीशीच थांबू लागली. जेवताना मध्येच बसायची. उजव्या घोट्याजवळचे केस चाटून चाटून तांबूस झाले होते. पुढचे खांदे भरलेले आणि मागच्या मांड्या वाळलेल्या, असं तिचं अंग झालं होतं, कारण ती सगळा भार पुढे टाकत होती. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होत होतं. ती एकदाही कण्हली नाही, म्हणून आम्ही दुखण्याचा विचारच केला नाही.

कुत्रं दुखलं की ओरडतं, हा आपला समज अचानक लागलेल्या मारापुरता खरा आहे. जुनाट दुखणं ते बोलून दाखवत नाही. त्यातून रस्त्यावर वाढलेलं कुत्रं तर नाहीच. लंगडणाऱ्या कुत्र्याला तिथे अन्नाजवळ येऊ देत नाहीत, गल्लीतून हाकलतात. शेवंतीने आयुष्याची पहिली दोन वर्षं त्या शाळेत काढली होती. दवाखान्यात टेबलावर ठेवलं की भीतीने ती ताठ उभी राहायची, लंगडण्याचा मागमूस नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ताई, इथे काही कळणार नाही. घरी बसून उठतानाचा आणि जिना उतरतानाचा व्हिडिओ काढून आणा." ज्यांच्या घरी आठ-नऊ वर्षांच्या पुढचं कुत्रं आहे त्या प्रत्येकाला मी हे सांगते. दर दोन-तीन महिन्यांनी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला न दिसणारा फरक त्यात दिसतो. आमच्या व्हिडिओत ती उठताना आधी पुढचे पाय रोवत होती, मग मागचं अंग दोनदा झोका देऊन वर ओढत होती. एक्स-रेमध्ये खुब्याचा आणि गुडघ्याचा संधिवात निघाला, शिवाय त्या जुन्या अपघाताचं वेडंवाकडं भरलेलं हाड.

उपचाराची सुरुवात वजनापासून झाली. ती १९ किलोंची होती, ती १६ वर आणायला सात महिने लागले. पोळीचे तुकडे प्रेमाने देणारे हात घरात चार, त्यामुळे हे सगळ्यांत अवघड गेलं. पण याला चांगला आधार आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर पिल्लूपणापासून मरेपर्यंत चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या अर्ध्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा चतुर्थांश अन्न कमी दिलं होतं. ती कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला.

मग औषध. इथे एक गोष्ट घसा फोडून सांगावीशी वाटते. माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नये, अर्धीही नाही, पावही नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉल यकृताला मारक ठरतं. डायक्लोफिनॅकची तर आपल्याकडे फार मोठी किंमत मोजली गेली आहे. ते टोचलेल्या गुरांची कलेवरं खाऊन गिधाडं मेली, आकाशं रिकामी झाली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर देशात बंदी आली. त्याला पर्याय म्हणून जे मेलॉक्सिकॅम पुढे आलं, तेच शेवंतीला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे थेंब मोजून दिलं. ते सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्त तपासलं जातं, कारण हेही औषध मूत्रपिंडांवर लक्ष ठेवूनच द्यायचं असतं.

आणि फरशी. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या कुत्र्याच्या वैरी असतात. जुनी शहाबादी बरी, तिच्यावर पाय धरतो. आम्ही दिवाणापासून दारापर्यंत गोधड्या आणि रबरी मॅट अंथरल्या, नखं वेळेवर कापायला लागलो, पंजाच्या गाद्यांमधले केस कातरले. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना पोटाखालून जुना पंचा घालतो आणि दोन्ही टोकं वर धरतो, म्हणजे मागच्या पायांवर भार येत नाही. औषधाच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पाहिलं तर शेवंती दिवाणावर झोपली होती. आई तिच्याकडे बघत बराच वेळ दारात उभी होती. आम्ही ज्याला शहाणपण म्हणत होतो ते वर्षभराचं दुखणं होतं.

डोळ्यांचं त्या मानाने थोडक्यात आटोपलं. बाहुलीत निळसर-राखाडी झाक दिसली की लोक मोतीबिंदू म्हणतात. बहुतेक म्हाताऱ्या कुत्र्यांत ती भिंगाच्या मधल्या भागाची वयाने आलेली घट्ट झाक असते आणि तिच्यातून बरंच दिसतं. मोतीबिंदू पांढुरका असतो आणि प्रकाश अडवतो. दोन्हीतला फरक डॉक्टर बॅटरी मारून सांगतात.

कान हळूहळू गेले. वरच्या पट्टीतले आवाज आधी हरवले. आईची बारीक हाक ऐकू येईना, पण माझ्या मुलाचा घोगरा आवाज आणखी काही महिने पोचत होता. अशा कुत्र्याला मागून जाऊन एकदम हात लावू नये, ते दचकून चावू शकतं. आम्ही जवळ जाताना जमिनीवर पाय आपटतो, ते कंप तिला पंजांतून कळतात. तळहात दोनदा हलवला की 'चल', बोट खाली केलं की 'थांब', हे तिने बाराव्या वर्षी आठवडाभरात शिकून घेतलं. आणि त्या वर्षीची दिवाळी. आधीच्या प्रत्येक दिवाळीत ती न्हाणीघरात बादलीमागे जाऊन चार दिवस थरथरत बसायची, शू करायलाही खाली उतरायची नाही. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाहेर माळा लागत होत्या आणि शेवंती पणत्यांच्या उजेडात उंबऱ्यापाशी पाय ताणून झोपली होती. बहिरेपणाने तिला काय काय दिलं असेल, हे त्या रात्री कळलं.

घरात शू होऊ लागली तेव्हा मात्र आम्ही लगेच डॉक्टरांकडे गेलो. एव्हाना शिकलो होतो. म्हाताऱ्या कुत्र्याने घरात शू करण्याची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. झोपेत नकळत अंथरूण ओलं होत असेल तर नसबंदी झालेल्या मादीत संप्रेरकं कमी पडून मूत्रमार्गाची झडप सैल झालेली असते. त्यावर गोळी आहे आणि ती बऱ्याच कुत्र्यांना लागू पडते. वारंवार थोडी थोडी होत असेल तर संसर्ग असू शकतो. खूप पाणी पिऊन खूप होत असेल तर मधुमेह किंवा मूत्रपिंडं. पाणी मोजणं सोपं आहे. सकाळी मापून भांडं भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मापायचं. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर तपासणी हवीच. शेवंतीच्या वजनाला म्हणजे सव्वा-दीड लिटरपासूनच सावध व्हायचं. मूत्रपिंडांचं दुखणं फार गुपचूप येतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत त्यांचं सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असू शकतं. म्हणून म्हातारपणी वर्षातून दोनदा रक्त-लघवी तपासावी. आणि ज्या कुत्रीची नसबंदी झालेली नाही, ती एकाएकी फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. तिथे रात्र उलटू देऊ नये. शेवंतीचं निघालं ते झडपेचं. गोळी सुरू झाली आणि गोधड्या कोरड्या राहू लागल्या.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ती उठली आणि डावीकडे कोसळली. पुन्हा उठली, पुन्हा कोसळली. मान वाकडी, डोळ्यांची बुबुळं एका बाजूला झटके देत होती, उलट्या होत होत्या. लकवा मारला, संपलं, असंच सगळ्यांना वाटलं. शेजारच्या काकांनी हळू आवाजात सांगितलं, "आता तिचे हाल करू नका." मीही मनातून तिथेच पोचले होते.

डॉक्टरांनी कान तपासले, मेंदूच्या दुखण्याची इतर लक्षणं आहेत का ते पाहिलं आणि म्हणाले, तीन दिवस थांबा. म्हाताऱ्या कुत्र्यांत आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा कधी कधी एकाएकी बिघडते, कारण सापडत नाही. दिसायला ते भयंकर असतं, पण दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि बहुतेक कुत्री दोन-तीन आठवड्यांत सावरतात. तोवर उलटीचं औषध द्यायचं, चमच्याने पाणी पाजायचं, दोन्ही बाजूंना उशा लावून ठेवायचं. चौथ्या दिवशी शेवंती भिंतीच्या आधाराने चालली. विसाव्या दिवशी जिना उतरली. मान अजून किंचित डावीकडे कललेली आहे, काहीतरी विचारत असल्यासारखी. हे माहीत नसल्यामुळे त्या पहिल्या सकाळीच किती घरांत घाईने शेवटचा निर्णय झाला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. हा लेख लिहायला घेतला तो मुख्यतः या एका परिच्छेदासाठी.

आणि आता हे रात्रीचं दार.

कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो. डॉक्टर त्याला कॅनाइन कॉग्निटिव्ह डिसफंक्शन म्हणतात. माणसाच्या अल्झायमरमध्ये मेंदूत ज्या अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात, तेच या कुत्र्यांच्या मेंदूतही सापडतात. कोपऱ्यात जाऊन अडकणं, ओळखीच्या माणसाकडे परक्यासारखं बघणं, दिवसा झोपणं आणि रात्री येरझाऱ्या घालणं, दाराच्या चुकीच्या बाजूला उभं राहणं ही त्याची लक्षणं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २००१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांमध्ये यातलं किमान एक लक्षण होतं आणि १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांमध्ये. म्हणजे हे सर्रास आहे. पण हे निदान सगळ्यांत शेवटी करायचं असतं. रात्रीची येरझार दुखण्यानेही होते, शू लागल्यानेही होते, अंधुक दिसण्यानेही होते. ती सगळी कारणं आधी बाजूला सारावी लागतात.

पूर्ण बरं होण्याचं औषध नाही. सेलेजिलिन नावाची, माणसांच्या पार्किन्सनसाठी असलेली गोळी काही कुत्र्यांना मदत करते. बाकी सगळं घरातलं. आम्ही सामान हलवणं बंद केलं. पाण्याचं भांडं, गोधडी, दिवा यांच्या जागा ठरलेल्या. रात्री एक मंद दिवा चालू. सकाळी उन्हात अर्धा तास, कारण दिवस-रात्रीचं भान उजेडातून येतं. आणि नाकाचे खेळ. कुत्र्याचं नाक बऱ्याचदा डोळ्याकानांनंतरही साथ देतं, म्हणून चटईच्या वळकटीत खाऊचे कण लपवून ते तिला शोधायला लावतो. जेवणही किंचित कोमट करून दिलं की वास येतो आणि ती वाटीकडे वळते. उकडलेलं अंडं किंवा कोंबडी, भात, भोपळा असं तिचं जेवण. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट घरात उघडं पडू द्यायचं नाही. तूप नाही. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण फार स्निग्ध खाण्याने म्हाताऱ्या कुत्र्याचं स्वादुपिंड सुजतं हेही तितकंच खरं आहे, म्हणून आमच्या वाटीत कोमट पाणीच असतं.

'रस्त्यावरचं कुत्रं, त्याच्यासाठी एवढं?' हा प्रश्न सरळ विचारणारे थोडे, पण डोळ्यांत तो पुष्कळांच्या असतो. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली खाणकामगारांना एक दफन सापडलं. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं, एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रं. अलीकडे त्या कुत्र्याचे दात तपासले तेव्हा कळलं की ते जेमतेम सात महिन्यांचं होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला होता. दातांवरच्या खुणांवरून त्या आजाराच्या अनेक लहरी येऊन गेलेल्या दिसतात. उलट्या, जुलाब, ताप यांतून ते पिल्लू कित्येक आठवडे जगलं, ते कुणी स्वच्छ केल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय जगलंच नसतं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. शिकारीला, राखणीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेती सुरू व्हायच्या आधीची ही माणसं, त्यांच्यापाशी साठवलेलं धान्यही नव्हतं. तरी त्यांनी ते केलं.

शेवटाबद्दल मी फार दिवस 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणत होते. डॉक्टरांनीच मला खुर्चीत बसवून सांगितलं की घाबरलेल्या मनाने रात्री दोन वाजता ठरवण्यापेक्षा आज शांतपणे ठरवा. त्यांनी सगळं समजावून दिलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग गाढ झोपेत शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखाद-दुसरा श्वास आल्यासारखा वाटतो, शू होते. तो त्रास नसतो, शरीर सैल पडत असतं. हे आधी माहीत असलं तर माणूस तिथे उभा राहू शकतो.

केव्हा, हे ठरवायला अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर आयुष्य अजून बरं चाललं आहे. आम्ही दर रविवारी गुण देतो, आई आणि मी वेगवेगळे, कारण मी नेहमी जास्त देते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला निळं वर्तुळ, वाईटाला लाल. शिवाय तिला मनापासून आवडणाऱ्या तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. सकाळी खाली जाऊन पिंपळाच्या पाराला वास घेत एक फेरी, आईच्या ताटातला पोळीचा शेवटचा तुकडा आणि दुपारचं गच्चीच्या दारातलं ऊन. यातल्या दोन गोष्टींकडे तिने पाठ फिरवली की डॉक्टरांना फोन करायचा. ते घरी येणार आहेत, गोधडीवरच. मागच्या महिन्यात लाल वर्तुळं सहा होती. या महिन्यात आतापर्यंत चार.

काल रात्री ती तीनला उठली. मी दिवा लावला, छातीखाली हात घालून तिला हातभर उजवीकडे वळवलं आणि दार उघडलं. जिन्यात गार हवा होती. उंबऱ्यावर उभं राहून, कललेली मान वर करून तिने बराच वेळ वास घेतला. मग स्वतःच वळली, आत आली, गोधडीवर एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गोल फिरली आणि मागचे पाय सावकाश दुमडून झोपली.